फिरत्या घराचा सांगाडा



अमेरिकेतील इंडियाना राज्यात एल्कहार्ट नावाचे एक शहर आहे. सुट्टीच्या दिवसांत बायकामुलांसह रानावनांत हिंडण्यासाठी मोटारीमागे जोडून न्यायची जी घरे त्या देशात विकली जातात, त्यांतली बहुसंख्य त्याच मुलखात बांधली जातात. या घरांच्या भिंतींचा सांगाडा लाकडाचा असावा की ॲल्युमिनियमचा, हा तेथील गिऱ्हाइकांपुढचा जुना कज्जा असून, त्याचा फैसला करण्यापूर्वी दोन्ही पक्षांचे म्हणणे नीट ऐकून घेणे अगत्याचे आहे.

लाकडी पद्धतीत स्प्रूससारख्या मऊ लाकडाच्या दीड-दोन इंची पट्ट्या उभ्याआडव्या ठोकून चौकट करतात, पोकळीत काचतंतूंच्या गाद्या भरतात आणि बाहेरून पन्हळी पत्रा मारतात. ॲल्युमिनियमच्या पद्धतीत चौकोनी पोकळ नळ्यांचे वेल्डिंग करून सांगाडा उभारतात, नळ्यांमध्ये फोमचे ठोकळे बसवतात, दोन्ही अंगांना पातळ प्लायवूड व बाहेर फायबरग्लासचा पापुद्रा लावून सारी भिंत दाबाखाली एकजीव चिकटवतात.

ॲल्युमिनियम हलके, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आकारास आकार तोलून पाहिल्यास ते स्प्रूसच्या सुमारे सहापट भरते, आणि वजनास वजन घेतले तर दोहोंचा ताठपणा जवळजवळ सारखाच ठरतो. ॲल्युमिनियमच्या भिंतीला जो हलकेपणा आणि जी मजबुती लाभते, त्यांचे श्रेय धातूइतकेच त्या चिकटवलेल्या थरांच्या ऐक्याला आहे. उलटपक्षी, ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. त्यामुळे कडाक्याच्या थंडीत नळ्यांच्या रेषेरेषेने भिंतीला आतून दव धरते, हा दोष लाकडी चौकटीत फारसा जाणवत नाही.

तथापि या घरांचा खरा वैरी थंडी नव्हे, पाणी होय. छपराची शिवण किंवा खिडकीची कड उकलली की पाणी आत झिरपते, आणि लाकडातील ओलावा वीस टक्क्यांच्या वर दीर्घकाळ टिकला की बुरशी त्याचा भुगा करते. धातूला ही बाधा नाही, हे निर्विवाद. पण 'आमची भिंत ॲल्युमिनियमची' म्हणून निश्चिंत झालेल्या मालकाला, तिच्या पोटात प्लायवूड आहे याची बहुधा जाणीवच नसते. ते प्लायवूड भिजले की थर सुटतात, बाहेरचा पापुद्रा फुगतो, आणि मग अखंड भिंतच बदलावी लागते. लाकडी चौकटीचे मात्र चार पत्रे उतरवून, कुजलेल्या पट्ट्या काढून, साधा सुतारही काम निभावून नेऊ शकतो. धातूच्या कवचाच्या घरांनाही पाणी सोडत नाही. एअरस्ट्रीम कंपनीचे संस्थापक वॅली बायम यांनी 1936 साली एअरस्ट्रीम क्लिपर हे ॲल्युमिनियमचे चकाकते घर बाजारात आणले, आणि आजही ती जुनी घरे लोक हौसेने जतन करतात. परंतु पुढच्या काळातील कित्येक एअरस्ट्रीम गाड्या दुरुस्तीला काढल्या की पत्रा शाबूत आणि त्याखालची प्लायवूडची जमीन मागच्या बाजूला कुजलेली, असे दृश्य दुरुस्ती करणाऱ्यांना नवे नाही.

आपल्या कोकणात मुसळधार पावसातही सागवानी खांबांची जुनी घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली, ती केवळ सागाच्या पुण्याईने नव्हे. पागोळ्या भिंतीपासून दूर पडतील अशी लांब वळचण आणि दर उन्हाळ्यात न चुकता होणारी कौलांची चाळण, या दोन गोष्टींनी ते लाकूड कोरडे ठेवले. फिरत्या घरालाही हाच न्याय लागू आहे. किंबहुना ते रस्त्यावर सतत हादरे खात असल्यामुळे त्याचे सांधे अधिकच लवकर सैल होतात. वर्षातून दोनदा शिडी लावून जो छपराची शिवण बोटाने चाचपून पाहील आणि भेग दिसताच बुजवील, त्याचे लाकडी घरही टिकेल. जो ते करणार नाही, त्याला ॲल्युमिनियमही तारणार नाही. म्हणून घर पाहायला जाल तेव्हा सांगाडा कशाचा हे अवश्य विचारा, पण त्याआधी छपरावर चढून पाणी कोठून शिरेल आणि शिरलेच तर कोठून बाहेर पडेल, याची स्वतः खातरजमा करा.