स्वमग्न मुलांचे वर्तनोपचार आणि उपचारकाची पारख

स्वमग्नता, म्हणजेच ऑटिझम, हा औषधाने जाणारा आजार नसून मेंदूच्या जडणघडणीतील वेगळेपणा आहे. त्यामुळे ‘सहा महिन्यांत मूल बरे करू’ असे आश्वासन जिथे मिळते, तिथून पालकांनी आल्या पावली परत फिरावे.

वर्तनोपचारांचे काम याहून साधे आणि चिकाटीचे असते. बोलता न येणारे मूल आईचा हात धरून तिला माठापाशी ओढते, तिला उमगले नाही की किंचाळते, आणि किंचाळल्यावरच पाणी मिळत गेले की किंचाळणे हीच त्याची भाषा होऊन बसते. जाणता उपचारक वर्तनाआधी काय घडले आणि त्यानंतर मुलाला काय मिळाले याची नोंद ठेवतो, मुलाला पेल्याचे चित्र हातात द्यायला शिकवतो आणि चित्र मिळताच पाणी देतो. हव्या वर्तनामागोमाग असे फळ मिळून ते वर्तन दृढ होण्याला ‘प्रबलन’ म्हणतात.

स्वमग्न मुलांसाठी ही पद्धत रुजवणारे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ इवार लोव्हास यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत चापट मारणे आणि विजेचा धक्का देणे असेही प्रकार होते, आणि ती क्रूरताच होती. आजही मूल हात फडफडवते किंवा नजर देत नाही एवढ्यासाठी त्याला दामटणारा उपचारक त्याच जुन्या वाटेने चाललेला असतो.

पात्रतेची खूण भिंतीवरच्या चौकटीत नसते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक आणि वाक्-श्रवणतज्ज्ञ यांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते, तर महाराष्ट्रात व्यवसायोपचारकांसाठी, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी, स्वतंत्र राज्य परिषद आहे. चार दिवसांच्या शिबिराचे प्रशस्तिपत्र म्हणजे ही नोंदणी नव्हे.

किती तास, यापेक्षा पालकांना काय शिकवले जाते हे अधिक मोलाचे आहे. गोवा आणि रावळपिंडी येथील ६५ मुलांचा जो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी पालकांनाच मुलाशी संवाद साधायला शिकवले, आणि ती मुले आपणहून अधिक संवाद साधू लागली. त्या आरोग्यसेवकांवर तज्ज्ञांची देखरेख होती, हेही ध्यानात ठेवावे.

म्हणून पहिल्याच भेटीत पालकांनी नोंदणी क्रमांक विचारावा, उपचाराच्या वेळी खोलीत बसता येईल का हेही विचारावे, आणि दार बंद ठेवणाऱ्याच्या हाती मूल सोपवू नये.