पाळक चुकले, मंडळी कोणाची?

मी मोहन्याहून बोलतेय. आमचं मोहने एन.आर.सी. कंपनीच्या जिवावर वाढलं. 2009 साली कंपनी बंद पडली आणि किती घरांचा पगार एका दिवसात थांबला. मग आम्हीही काही वर्षं दुसरीकडे राहायला गेलो. तिथल्या मंडळीत आमच्यासारख्याच बाया होत्या. कोणी पोळ्या लाटायची, कोणी ब्लाउज शिवायची, पण रविवारी अर्पणाच्या पिशवीत दहा रुपये टाकल्याशिवाय राहायची नाही. आज बोलायचंय ते त्या दहा रुपयांबद्दल.

तिथल्या पाळकसाहेबांनी बायकांच्या सभेची शिल्लक स्वतःच्या कामाला वापरली. मंडळीचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. बातमी फुटली आणि मंडळीचे दोन तट पडले. एक तट म्हणे, देवाच्या अभिषिक्तावर हात टाकू नका, माफ करा आणि विषय मिटवा. दुसरा म्हणे, आजपासून या देवळाची पायरी चढणार नाही. सख्ख्या जावाजावा वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागल्या.

अभिषिक्ताची ती गोष्ट दाविदाची. शौल राजा हाती सापडला तरी दाविदाने त्याला मारलं नाही. पण पुढे दावीद स्वतः राजा झाला आणि पाप करून बसला, तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला आणि तोंडावर म्हणाला, तो माणूस तूच. आम्हाला पहिली गोष्ट पाठ असते, दुसरी कोणी सांगत नाही.

हे फक्त लहान मंडळीत होतं असं नाही. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा वेगवेगळ्या मंडळ्या एकत्र आल्या आणि उत्तर भारत चर्च, म्हणजे आपण सी.एन.आय. म्हणतो ते, उभं राहिलं. नगरकडच्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या त्यात आल्या, इंग्लंडच्या चर्चच्याही आल्या. पिढ्यान्‌पिढ्या वेगळी उपासना करणारे एका ताटात जेवायला बसले म्हणा ना. आणि त्याच नागपूरच्या विमानतळावर सप्टेंबर 2022 मध्ये या चर्चच्या सर्वांत वरच्या पदावरच्या बिशपांना अटक झाली. शाळांच्या फीचे पैसे भलतीकडे वळवल्याचा आरोप होता आणि छाप्यात घरात दीड कोटीहून जास्त रोकड सापडली. खरंखोटं ठरवणं कोर्टाचं काम आहे. चर्चने त्यांना पदावरून दूर केलं. पण 1970 साली झालेली एकी काही त्या बिशपांची नव्हती, त्यामुळे ती त्यांच्याबरोबर गेलीही नाही. रविवारी घंटा वाजली, उपासना झाली.

आमच्यातल्या एका म्हातारीला वेगळाच घोर लागला होता. तिच्या नातवाचा बाप्तिस्मा त्याच पाळकांच्या हातचा. ती विचारायची, अगं, तो धरायचा की नाही? हसू नका, हा प्रश्न सतराशे वर्षं जुना आहे. उत्तर आफ्रिकेत छळाच्या काळात काही पुढाऱ्यांनी भीतीपोटी पवित्र पुस्तकं सरकारच्या हवाली केली. अशांच्या हातचं काहीच चालणार नाही म्हणून लोक फुटले आणि ती फूट शंभर वर्षांहून जास्त टिकली. ऑगस्टिन नावाच्या बिशपांनी त्यांना समजावलं, की बाप्तिस्मा ख्रिस्ताचा आहे, पाळकाचा नाही. आम्ही म्हातारीला तेच सांगितलं आणि तिचा जीव भांड्यात पडला.

मग माफीचं काय? मला विचाराल तर जक्कयाकडे बघा. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, तेव्हा हा जकातदार स्वतःच उठून म्हणाला, ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देईन. आमच्या पाळकांकडे आम्ही चौपट मागितलं नाही, जेवढं गेलं तेवढंच मागितलं. तर लगेच ऐकायला मिळालं, तुमच्या मनात क्षमा नाही!

पैशाचं एक वेळ असं बसून बोलता येतं. लेकराच्या अंगाला हात लावला असेल तर नाही. मुंबईत एका फादरने 2015 साली अल्पवयीन मुलावर अत्याचार केला. डिसेंबर 2021 मध्ये विशेष कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. मधल्या काळात त्या मुलाच्या आईचं म्हणणं असं होतं, की मिस्साला गेलं तर लोक शेजारी बसत नव्हते, बोलत नव्हते. बघा, चर्चची एकी राखायची म्हणून लोक फादरच्या बाजूने एक झाले आणि बाहेर कोण राहिलं, तर ते लेकरू. अशा वेळी पंचांच्या बैठकीची वाट बघायची नाही. पॉक्सो कायद्याने, ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायलाच हवं. न कळवणं हासुद्धा गुन्हा आहे. मुलांसाठी 1098 हा फोन नंबर आहे, तो घरात भिंतीवर लिहून ठेवा. आईने मनातून माफ केलं तरी तक्रार मिटत नाही आणि मिटूही नये.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. निम्मे पैसे परत आले, बाकीचे हप्त्याने ठरले. पाळकांची जागा दुसऱ्यांना मिळाली. आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बायकांचा हिशेब मोठ्याने वाचतात आणि बँकेच्या कागदावर दोघींच्या सह्या लागतात. बचत गटात आपण हे कधीपासून करतोय, देवळात मात्र संकोच वाटत होता.

एक गोष्ट राहिली. पाळकांची बायको. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं असं ती म्हणायची, माझा तिच्यावर विश्वास होता, सगळ्यांचा नव्हता. क्वार्टर रिकामं करायच्या आदल्या दिवशी ती उपासनेला आली आणि दाराजवळच उभी राहिली. मागचा बाक भरलेला होता. ज्या बाईचे सगळ्यात जास्त पैसे गेले होते, तिने मांडीवरचं पोर उचलून पलीकडे दिलं आणि शेजारणीला म्हणाली, "सरक गं थोडी."