कचऱ्याची वर्गवारी आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



गेल्या जयंतीला भोजनदान झाल्यावर उष्ट्या पत्रावळी, उरलेला भात, प्लॅस्टिकचे पेले आणि फुटलेली ट्यूबलाइट हे सारे आपण सभागृहामागे एकाच ढिगात टाकले. दुसऱ्या दिवशी तो ढीग उचलताना एका सफाई कामगार भगिनीचा तळहात काचेने चिरला. ती आपल्याच वस्तीतली. चूक कोणा एकाची नव्हती, आपल्या सर्वांची होती. म्हणूनच आज आम्ही हा विषय आपल्यापुढे मांडीत आहोत.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी आपल्या समाजाला मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडण्यास सांगितले. मुंबईचा कचरा देवनारला पडू लागला तोही १९२७ सालीच. महाडच्या हाकेने आपल्यातले पुष्कळजण शिकले, कचेरीत बसले. परंतु शहराची घाण उचलणारे हात आजही बहुतांशी दलित समाजाचेच आहेत. तेव्हा कचऱ्याचा प्रश्न हा केवळ स्वच्छतेचा नाही, माणसाच्या प्रतिष्ठेचाही आहे.

कचऱ्याविषयी कायदा काय सांगतो? अल्मित्रा पटेल यांनी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. त्यातून २००० साली नागरी घनकचऱ्याचे देशव्यापी नियम आले. २०१६ च्या नियमांनी घरातच कचऱ्याचे तीन भाग करण्याचे बंधन घातले. पहिला कुजणारा ओला कचरा. दुसरा कागद, प्लॅस्टिक, धातू असा सुका कचरा. आणि तिसरा घरगुती घातक कचरा. जुने सेल, मुदत संपलेली औषधे, इंजेक्शनच्या सुया, रंगाचे व कीटकनाशकांचे डबे हे तिसऱ्यात येत असत. ट्यूबलाइटही त्यातच येत असे, कारण तिच्यात पारा असतो. २०२६ च्या नियमांनी ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा असे चार भाग ठरविले. रुग्णालयांचा कचरा, कारखान्यांचा घातक कचरा आणि इमारतींचा राडारोडा यांसाठी निराळे नियम आहेत.

ही वर्गवारी कशासाठी? ओला कचरा ढिगात हवेवाचून कुजला की मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. पावसाचे पाणी ढिगातून झिरपताना काळे, विषारी होते आणि विहिरीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून २०१६ च्या नियमांप्रमाणे भरावभूमीत फक्त निरुपयोगी, न कुजणारा, न जळणारा असा शेवटचा गाळच जायचा होता. ओल्याचे खत किंवा गॅस व्हावा, सुका पुन्हा कारखान्यात जावा, हा त्यामागचा हेतू.

भरावभूमी म्हणजे नुसता खड्डा नव्हे. त्याच नियमांनी तिच्या तळाशी ९० सेंटिमीटर जाडीचा, पाणी न झिरपणारा मातीचा थर आणि त्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लॅस्टिकचे अस्तर सांगितले. रोजच्या कचऱ्यावर किमान १० सेंटिमीटर मातीचे पांघरूण, पावसाळ्यापूर्वी त्याहून जाड थर, नदीपासून १०० मीटर आणि वस्तीपासून २०० मीटर अंतर, तसेच जागा बंद झाल्यावरही १५ वर्षे देखरेख असे दंडक घातले.

कागदावरचे हे नियम आणि जमिनीवरचे वास्तव यांत मोठे अंतर राहिले. जानेवारी २०१६ मध्ये देवनारचा डोंगर पेटला. धूर इतका पसरला की शाळा बंद ठेवाव्या लागल्या. तो धूर सर्वांत आधी गोवंडी-देवनारच्या गोरगरिबांच्या छातीत गेला. कचरा करते सारे शहर, आणि भोगतो त्याच्या कडेला राहणारा.

काही सभासद म्हणतात, 'आम्ही वेगळा केला तरी गाडीत सगळा एकत्रच पडतो, मग उपयोग काय?' तक्रार खोटी नाही. जेथे असे घडते तेथे वॉर्ड कचेरीत लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि पाठपुरावा करावा. संघटना असते ती याचसाठी. पण गाडी येण्याआधी त्या कचऱ्यात कोणाचा तरी हात जातो. निदान तो हात वाचविणे आपल्या स्वाधीन आहे.

तेव्हा आमची विनंती एवढीच. पुढील जयंतीपासून सभागृहात वेगवेगळे डबे असावेत. काच जाड कागदात गुंडाळून, वर 'काच' असे लिहून निराळी द्यावी. या कामाची पाळी विद्यार्थ्यांनी घ्यावी आणि पदाधिकाऱ्यांनीही घ्यावी. त्या भगिनीला आपण भोजनाला बोलवू, तिला पंगतीत बसवू आणि त्या दिवशीचा कचरा आपणच वेगळा करू.