नेमलेलें तेल न मिळाल्यास

चैत्री पौर्णिमा आली कीं येरमाळ्याच्या येडेश्वरीच्या यात्रेसाठीं दूरदूरचीं माणसें कळंब तालुक्याच्या वाटेला लागतात. पूर्वीं हा प्रवास बैलगाडीचा होता. आतां पुण्यामुंबईकडील पुष्कळ कुटुंबें स्वतःच्या मोटारीनेंच येतात. अशाच एखाद्या कुटुंबाची कल्पना करावी. देवीचें दर्शन आटोपून मंडळी कळंबला आप्तांच्या घरीं उतरली आहे. दुसऱ्या दिवशीं सकाळीं परत निघावयाचें. गृहस्थानें सवयीप्रमाणें इंजिनांतील तेलाची पट्टी ओढून पाहिली, तों तेल खालच्या खुणेच्याही खालीं गेलेलें. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेंत ५डब्ल्यू-३० या प्रतीचें तेल सांगितलें आहे. बाजारांत विचारपूस केली, पण तें मिळेना. ट्रॅक्टरचें, मालमोटारीचें व मोटारसायकलचें तेल मात्र दुकानाच्या मांडणीवर भरपूर. बरोबर आलेला मेहुणा म्हणतो, "दाजी, टाका की हेच. आमच्या ट्रॅक्टरला रोज चालतंय, तुमच्या गाडीला काय धाड भरलीय?"

मेहुण्याचें म्हणणें सर्वस्वीं चूक नव्हे आणि सर्वस्वीं बरोबरही नव्हे. पुण्यापर्यंतचा पल्ला अडीचशेंहून अधिक किलोमीटरांचा, ऊन चैत्राचें, आणि गाडींत वृद्ध माणसें व मुलें. अशा वेळीं भलतें तेल घालावें कीं कमी तेलावरच गाडी हांकावी, या प्रश्नाचें उत्तर प्रथम देऊन टाकलेलें बरें. कमी तेलावर गाडी हांकणें हें दोहोंतील अधिक वाईट. तेलाची प्रत थोडी इकडेतिकडे झाली तर इंजिन कुरकुरतें. तेलच नसलें तर तें जागच्या जागीं जखडतें. इंजिनांतील मुख्य दांडा आपल्या बेअरिंगांना टेकून फिरत नसतो. तो केसाहूनही पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत असतो. तो थर तुटला कीं धातूवर धातू घासूं लागतो. शिवाय तेल हें इंजिनाची उष्णता वाहून नेतें, काजळी धुऊन काढतें आणि दट्ट्याच्या कड्यांची फट भरून काढतें. एवढीं सारीं कामें चार लिटर द्रवावर सोंपविलेलीं असतात, म्हणून त्यांतील एक लिटर कमी होणें ही क्षुल्लक गोष्ट नव्हे.

आतां त्या आंकड्यांचा अर्थ. कित्येकांची अशी समजूत असते कीं आंकडा जितका मोठा तितकें तेल उत्तम. वस्तुतः हे आंकडे तेलाच्या दाटपणाचे आहेत, गुणांचे नव्हत. अमेरिकेंतील मोटार-अभियंत्यांची जी संस्था १९०५ सालीं स्थापन झाली, तिनें ही वर्गवारी घालून दिली, आणि पुढें ती सर्व जगानें स्वीकारली. स्वयंपाकघरांतील तूप थंडींत थिजतें व चुलीजवळ ठेवतांच पाण्यासारखें होतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. इंजिनच्या तेलाचाही स्वभाव तोच. म्हणून त्याचा दाटपणा दोनदां मोजतात. डब्ल्यू या अक्षरामागचा आंकडा थंडींतला. किती गारठ्यांतही इंजिन सुरू होऊं शकेल हें तो सांगतो. ५डब्ल्यूची ही परीक्षा उणे ३० अंशांवर घेतात, १५डब्ल्यूची उणे २० वर आणि २०डब्ल्यूची उणे १५ वर. दुसरा आंकडा १०० अंश उष्णतेंतला, म्हणजे इंजिन पुरतें तापलेलें असतांनाचा. त्या उष्णतेंत ३० प्रतीच्या तेलाचा दाटपणा ९.३ पासून १२.५ सेंटिस्टोकपर्यंत, ४० प्रतीचा १२.५ पासून १६.३ पर्यंत आणि ५० प्रतीचा १६.३ पासून २१.९ पर्यंत असावा लागतो. साधें पाणी घरांतल्या उष्णमानांत सुमारें एक सेंटिस्टोक भरतें, यावरून अंदाज यावा.

यावरून कळंबच्या दुकानांत उभ्या असलेल्या गृहस्थाची निम्मी चिंता दूर होते. मराठवाड्यांत पौषांतदेखील उणे १५ अंशांची थंडी कोणी पाहिलेली नाहीं, आणि चैत्रवैशाखांत तर पारा चाळिशीच्या आसपास खेळत असतो. तेव्हां पहिला आंकडा ५ च्या ऐवजीं १० किंवा १५ असला तरी या मुलुखांत इंजिन सुरू होण्यास बाध येत नाहीं. पहाटेच्या गारव्यांत तेल वरपर्यंत पोंचण्यास क्षणभर अधिक लागेल इतकेंच. लक्ष द्यावयाचें तें दुसऱ्या आंकड्याकडे. तो जुळत असेल तर उत्तम. म्हणजे ५डब्ल्यू-३० न मिळाल्यास १०डब्ल्यू-३० ही पहिली निवड. तेंही नसल्यास उन्हाळ्याच्या दिवसांत एक पायरी वर जावें, म्हणजे ४० घ्यावें. खालीं उतरूं नये. तापलेल्या इंजिनांत अति पातळ तेलाचा थर भाराखालीं फाटण्याचें भय असतें, तर किंचित दाट तेलानें थोडें इंधन अधिक जळतें. परंतु दोन पायऱ्या चढण्याचें धाडस नको. अलीकडील कित्येक इंजिनें २० प्रतीच्या तेलासाठीं घडविलेलीं आहेत. त्यांच्या झडपांची वेळ साधणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते व तिच्या वाटा बारीक असतात. तेथें ५० प्रतीचें तेल ओतणें म्हणजे सुईच्या नेढ्यांतून सुतळी ओवणें होय. गाडीच्या पुस्तिकेंतही पुष्कळदां हवामानाप्रमाणें चालतील अशा दोनतीन प्रतींचें कोष्टक दिलेलें असतें. बाजारांत धांवण्यापूर्वीं तें पान उघडावें, पण हें सुचतें फार थोड्यांस.

दाटपणा जुळला म्हणजे काम संपलें, असें मात्र नव्हे. डब्याच्या पाठीवर एपीआय या अक्षरांपुढें आणखी दोन अक्षरें असतात. त्यांतील पहिलें एस असेल तर तेल पेट्रोलच्या इंजिनाचें, सी असेल तर डिझेलच्या. त्यापुढचें अक्षर वर्णमालेंत जितकें पुढचें तितकी ती प्रत नवी. उदाहरणार्थ, एसपी ही प्रत २०२० सालची, तर सीआय-४ ही २००२ सालची. पेट्रोलच्या इंजिनास जुनें अक्षर सांगितलें असेल तर नवें खुशाल चालतें. उलट करूं नये. पुष्कळ डब्यांवर सी व एस अशीं दोन्ही अक्षरें छापलेलीं असतात, आणि मेहुण्याच्या ट्रॅक्टरचें १५डब्ल्यू-४० तेल तशा दुहेरी प्रतीचें असेल तर तें अर्धा लिटर घालून पुणें गांठण्यास हरकत नाहीं. १ एप्रिल २०२० पासून भारतांत विकल्या जाणाऱ्या नव्या डिझेल मोटारींस मात्र धुरांतील काजळी अडविणारी गाळणी बसविलेली असते, आणि तिच्यासाठीं कमी राखेचें तेल नेमलेलें असतें. जुन्या प्रतीच्या तेलांतील कॅल्शियमादि धातूंची राख जळत नाहीं. ती त्या गाळणींत कायमची सांचत जाते. अर्ध्या लिटरानें गाळणी बुजणार नाहीं, परंतु तेंच तेल पुढें वर्षभर वापरल्यास भुर्दंड मोठा पडेल.

ट्रॅक्टरच्या दुकानांत आणखी एक घोटाळा संभवतो. ट्रॅक्टरच्या मागील पेटींतील दांतेरी चाकें, उचलयंत्र व तेलांत बुडालेले ब्रेक यांसाठीं एक निराळें तेल असतें. डबा सारखाच, रंगही पुष्कळदां सारखा. पण तें इंजिनाचें तेल नव्हे, आणि इंजिनांत तें कदापि घालूं नये. मोटारसायकलची गोष्ट याहून वेगळी. तिच्या इंजिनाचें तेल बहुधा क्लचलाही भिजवितें. मोटारीच्या आधुनिक तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें असतात; तीं क्लचच्या चकत्यांना लागलीं कीं क्लच घसरूं लागतो, आणि गाडी नुसती ओरडते, पुढें सरकत नाहीं. म्हणून दुचाकीच्या डब्यावर जासो एमए ही खूण पाहावी. गिअर नसलेल्या स्कुटरांसाठीं एमबी ही खूण असते. दोहोंची अदलाबदल करूं नये.

एरंडेलाचीही आठवण कोणी वडीलधारा काढल्यावांचून राहत नाहीं, व ती अगदींच अस्थानीं नाहीं. बैलगाडीच्या आंसाला एरंडेल कित्येक पिढ्या चालत आलें. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांचीं गरगर फिरणारीं इंजिनें एरंडेलावरच चालत, आणि कॅस्ट्रॉल हें नांवही एरंडेलाच्या इंग्रजी नांवावरूनच पडलें आहे. परंतु एरंडेल खनिज तेलांत नीट मिसळत नाहीं आणि उष्णतेनें त्याचा चिकट लेप बसतो. आजच्या इंजिनांत त्याला थारा नाहीं. करडईच्या घाण्याच्या तेलालाही नाहीं.

याउलट, एपीआयची खूण असलेलीं दोन निरनिराळ्या कंपन्यांचीं तेलें एकत्र झालीं तर नासतात, ही भीति निराधार आहे. खनिज असो वा कृत्रिम, अशीं तेलें परस्परांत मिसळलींच पाहिजेत, अशी त्या प्रतींची अटच असते. मिश्रणानें उंची तेलाचा गुण थोडा उतरतो, एवढेंच. खरें भय आहे तें सुट्या तेलाचें. पिंपांतून मापून दिलेलें तेल स्वस्त पडतें, पण तें कोणत्या प्रतीचें, नवें कीं जुनें गाळून घेतलेलें, हें दुकानदारासही सांगतां येत नाहीं. नामांकित प्रतीच्या सुट्या तेलापेक्षां साध्या प्रतीचा मोहोरबंद डबा केव्हांही श्रेयस्कर. मोहोर पाहावी, तयार केल्याची तारीख पाहावी आणि पावती मागून घ्यावी. इंजिनाची हमी चालू असल्यास ती पावती उपयोगी पडते.

तेल ओततांना उतावीळ होऊं नये. गाडी सपाट जागेवर उभी करून इंजिन थांबवावें, पांचदहा मिनिटें तेल खालीं उतरूं द्यावें, मगच पट्टी पुसून पाहावी. पुष्कळ मोटारींत पट्टीवरील दोन खुणांमधील अंतर सुमारें एक लिटराचें असतें. प्रथम अर्धा लिटर ओतावें व पुन्हां पाहावें. वरच्या खुणेपलीकडे गेलेलें तेल मुख्य दांड्याच्या फटकाऱ्यानें घुसळलें जातें, त्याला फेस येतो, आणि फेसावर कांहींच तरंगत नाहीं. समोरच्या फळीवरील तेलाचा लाल दिवा हा बहुतेक गाड्यांत पातळीचा नसून दाबाचा असतो, हेंही ध्यानांत ठेवावें. तो चालतांना लागला तर पुढचें गांव गांठूं असें म्हणूं नये. तेथेंच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावें. पातळी ठीक असूनही तो विझत नसेल, तर दोष तेलाच्या प्रतीचा नाहीं, आणि कोणतेंही तेल ओतून तो जाणार नाहीं. अशा वेळीं गाडी ओढून न्यावी.

कळंबच्या त्या गृहस्थानें मेहुण्याला बरोबर घेऊन शेवटीं दुहेरी खुणेचा १५डब्ल्यू-४० चा मोहोरबंद डबा घेतला आणि अर्धा लिटर ओतला. उरलेलें तेल डिकींत ठेवून मंडळी पहाटे निघाली. ऊन चढण्यापूर्वीं बार्शी मागें पडली. टेंभुर्णीस चहासाठीं उतरल्यावर दहा मिनिटांनीं पट्टी पुन्हां पाहिली, तेव्हां तेल दोन्ही खुणांच्या मधोमध होतें. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर त्यानें तारीख, किलोमीटरांचा आंकडा व तेलाची प्रत टिपून ठेवली. पुण्यास पोंचल्यावर त्याच आठवड्यांत सारें तेल व गाळणी बदलावयाची, आणि मुळांत तेल कमी कां झालें याचा तपास करावयाचा, असें त्यानें ठरविलें आहे.