डोंगरात ट्रेलर ओढायचा, तर ट्रक पेट्रोलचा की डिझेलचा?

आजचा विषय ऐकून पुण्यातले श्रोते म्हणतील, याचा आमच्याशी काय संबंध! थोडा धीर धरा, घाट आपल्याकडेही आहेत.

मी डेन्व्हरजवळ राहतो, कोलोरॅडोत. येत्या जूनमध्ये आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतायत आणि बायकोने ठरवलंय की त्यांना हॉटेलं दाखवायची नाहीत, डोंगर दाखवायचे. म्हणून ट्रॅव्हल ट्रेलर घेतला. म्हणजे चाकांवरची वन रूम किचन. सामान-पाणी भरून साधारण ८,५०० पाउंड. हे ओढायला हेवी-ड्यूटी पिकअप हवा आणि तिथेच घरात महिनाभर वाद चालला: गॅस की डिझेल? आधीच सांगतो, अमेरिकेत ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल. मागच्या वेळी एका श्रोत्याने सीएनजी समजून मला मोठा मेसेज पाठवला होता.

आता रस्ता समजून घ्या. डेन्व्हर ५,२८० फुटांवर आहे. तिथून आय-७० हायवेने पश्चिमेला निघालात की साधारण साठ मैलांवर आयझेनहॉवर बोगदा येतो. त्याचं पश्चिमेकडचं तोंड ११,१५८ फुटांवर आहे. आपलं लोणावळा दोन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे अंदाज करा. बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सरळ उतार, काही ठिकाणी सात टक्के. तिथे ब्रेक गेलेल्या ट्रकांसाठी रस्त्याच्या बाजूला खडीचे चढ बांधून ठेवलेत, गाडी त्यात घुसवायची आणि थांबवायची. परतताना तोच उतार चढ होऊन समोर उभा.

उंचीवर हवा विरळ. बोगद्यापाशी हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन-तृतीयांश. साधं, टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन हवा स्वतःच्या दमावर ओढतं, त्यामुळे दर हजार फुटांना त्याची ताकद ढोबळमानाने तीन टक्के घटते. फोर्डचं ७.३ लिटरचं व्ही-एट घ्या. कागदावर ४३० हॉर्सपॉवर. बोगद्यापाशी उरतात तीनशेच्या आसपास. डिझेलला टर्बो असतो, तो विरळ हवा दाबून आत भरतो, म्हणून त्याची घट फारच कमी. फोर्डचं ६.७ लिटर डिझेल ४७५ हॉर्सपॉवर आणि १,०५० पाउंड-फूट टॉर्क देतं. त्या पेट्रोल व्ही-एटचा टॉर्क पाचशेच्याही आत. जीएमचं ड्युरामॅक्स आणि रॅमचं कमिन्स यांची गोष्टही याच जातीची.

मग संपला ना विषय, डिझेल घ्या! मलाही तसंच वाटत होतं, पण सवय वाईट, स्प्रेडशीट उघडली.

ट्रक, आम्ही चौघं, सामान आणि ट्रेलर मिळून साधारण १६,००० पाउंड. सात टक्के चढावर ताशी ५० मैलांनी जायचं तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाशी लढायला दीडशे हॉर्सपॉवर लागतात. ट्रेलरचा चेहरा भिंतीसारखा सपाट, त्याला अडणारी हवा धरा, टायरचं घर्षण धरा, गिअरबॉक्समध्ये जाणारी ताकद धरा. माझा हिशोब अडीचशेच्या थोडा वर गेला. पेट्रोलकडे तीनशे आहेत. म्हणजे चढेल, पण पाच हजार आरपीएमला ओरडत चढेल, आणि जरा गिअर चुकला की ४५ वर येईल. डिझेल तेच काम गप्पा मारत करेल. फरक आहे तो आवाजाचा आणि दहा-बारा मिनिटांच्या संयमाचा. उजव्या लेनमध्ये मालवाहू ट्रक याहून हळू चाललेले असतात, त्यांच्या मागे लागायचं.

कंपन्या जो ‘एवढं वजन ओढेल’ असा आकडा छापतात, त्याची चाचणी एसएई जे-२८०७ नावाच्या मानकाप्रमाणे होते. त्यातला प्रसिद्ध चढ म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा. उन्हाळा, एसी चालू, सगळं कडक, पण तो चढ संपतो साडेतीन हजार फुटांच्या आसपास. म्हणजे जिथे तो संपतो त्याच्यापेक्षा डेन्व्हरचं माझं पार्किंग उंच आहे! फोर्डच्या टोइंग गाइडमध्ये बारीक अक्षरात लिहिलंय की उंचीवर दर हजार फुटांना एकूण वजन दोन टक्क्यांनी कमी धरा. बोगद्यापाशी हे साधारण वीस टक्के झाले. शोरूममधला सेल्समन हे आपणहून सांगत नाही.

चढाचं एवढं पुरे. माझी झोप उडाली ती उताराने.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. भोर-महाड, वरंधा घाट. फोनवर त्यांना हा सगळा हिशोब ऐकवला तर ते म्हणाले, “चढायचं काय एवढं? नाही चढली तर थांबेल. उतरताना काय करणार आहेस ते सांग.” मग लगेच, “ज्या गिअरला चढशील त्याच गिअरला उतरायचं. ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही.”

त्यांचं म्हणणं आकड्यांत मांडलं. तोच उतार ५० च्या वेगाने उतरताना हवा आणि टायर थोडं अडवतात, तरी साधारण ७५ हॉर्सपॉवर उरते. ती कुणीतरी खायला हवी. ७५ हॉर्सपॉवर म्हणजे सुमारे ५६ किलोवॅट. घरचा गीझर दोन किलोवॅटचा धरला तर अठ्ठावीस गीझर, सलग आठ-दहा मिनिटं, तुमच्या ब्रेकच्या डिस्कवर चालू. नवले पुलाच्या उतारावर न्यूट्रल केलेले ट्रक काय करतात हे पुणेकरांना सांगायला नको.

डिझेलमध्ये एक्झॉस्ट ब्रेक असतो. टर्बोच्या पात्या मिटून धूर बाहेर जायची वाट अडवतात आणि इंजिनच गाडीला मागे धरतं. फार छान चीज आहे. पेट्रोल इंजिनही धरतं, थ्रॉटल बंद झाल्यावर आतल्या ओढीमुळे, पण कमी धरतं, आणि विरळ हवेत आणखी कमी. म्हणजे खालचा गिअर, कमी वेग आणि ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक नीट लावलेले, हे तिन्ही हवंच. माझ्या मते डिझेलचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे असतील तर ते टॉर्कला नाही, या ब्रेकला.

आणि पैसे किती? साधारण दहा हजार डॉलर जास्त. शिवाय डिझेल इंजिन काहीशे पाउंड जड, ते तुमच्या पेलोडमधून वजा. दाराच्या चौकटीवरचं पिवळं स्टिकर वाचा, ब्रोशर नाही. ट्रेलर हिचवर हजारेक पाउंड टेकवतो, त्यात चार माणसं आणि आईने आणलेलं लोणचं. इंजिन ऑइल डिझेलला १३ क्वार्ट, त्या व्ही-एटला ८. डीईएफ भरत राहा. आणि डिझेलच्या धुराचा फिल्टर स्वतःला जाळून साफ करतो, त्याला लांबचा प्रवास लागतो. आमचा ट्रक वर्षातले बहुतेक दिवस तीन मैलांवरच्या किराणा दुकानात जाणार. तो फिल्टर तिथे तुंबत बसणार.

एक गोष्ट सहसा कुणी बोलत नाही. मी एच-१बी वर आहे. नोकरी गेली तर हातात ६० दिवस. त्या दिवसांत ट्रक विकायचा, ट्रेलर विकायचा, घर आवरायचं. डिझेलला विक्रीत किंमत चांगली येते हे खरं, पण अंगावरचं कर्जही तेवढंच मोठं असतं. दर महिन्याच्या हप्त्याकडे बघून बायको म्हणाली, “डोंगर बघायला जायचंय की डोंगर फेडायला?” यावर माझ्या स्प्रेडशीटमध्ये कॉलम नव्हता.

आम्ही पेट्रोल घेतलं. ७.३, मागचा ॲक्सल ४.३० चा. हा रेशो जरूर बघा. तोच ट्रक ३.७३ ने चढावर वेगळा वागतो. वर्षाला आठ-दहा फेऱ्या, साडेआठ हजार पाउंड, कुणालाही घाई नाही, यासाठी हे पुरेसं आहे. माझा एक मित्र ग्रँड जंक्शनला असतो, तो १४,००० पाउंडांचा फिफ्थ व्हील दर महिन्याला बोगद्यातून नेतो. त्याने डिझेल घेतलं आणि त्याने दुसरं काही घेतलं असतं तर मी भांडलो असतो. माझी रेघ दहा हजार पाउंडांवर आहे. त्याच्या वर आणि वारंवार डोंगर असेल, तर डिझेल.

जूनच्या आधी एकदा ट्रेलर पूर्ण भरून ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेणार आहे, प्रत्येक ॲक्सलचा आकडा कळतो. ब्रेक कंट्रोलर कसा सेट करायचा ते पुढच्या भागात. तोपर्यंत तुमच्या गाडीचं पिवळं स्टिकर शोधा, फोटो पाठवा. भेटू.