मेंदूच्या वाढीतला दुसऱ्याचा वाटा



आज बक्षिसं मिळवणाऱ्या सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. हुशार मूल दिसलं की 'उपजतच आहे' असं आपण म्हणतो, आणि मागे पडलेल्या मुलाबद्दलही तेच. तुम्ही समाजकार्य शिकता. उद्या बालगृहांत, अंगणवाड्यांत, वस्त्यांमध्ये काम कराल, म्हणून या समजुतीची उलटतपासणी तुमच्यासमोर करावीशी वाटते. माझं म्हणणं असं, की बाळाचा मेंदू घडण्यात त्याला प्रतिसाद देणाऱ्या माणसाचा मोठा वाटा असतो. ते माणूस रक्ताच्या नात्याचं असावंच लागतं असं नाही, आणि म्हणूनच या वाट्याची जबाबदारी समाजावर येते.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा रुमानियातून आला. देशाची लोकसंख्या वाढवायची म्हणून तिथला हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने १९६६ मध्ये गर्भपातावर जवळजवळ बंदी घातली. ज्यांना पोसणं परवडत नव्हतं त्यांनी मुलं सरकारी संस्थांत ठेवली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा अशा संस्थांत एक लाखाहून जास्त मुलं होती, आणि त्यांतल्या बहुतेकांचे आईवडील हयात होते. या संस्थांत अन्न होतं, अंथरूण होतं, लंगोट बदलायची ठरलेली वेळही होती. पण बारा-पंधरा मुलांमागे एक बाई, तीही पाळीनुसार बदलणारी. ओळीने मांडलेल्या पाळण्यांतली बाळं छताकडे बघत पडलेली असत आणि खोलीत शांतता असे, कारण रडून कोणी येत नाही हे ती लवकरच शिकत. माझ्या मते या साऱ्या हकिकतीत यापेक्षा भयंकर काही नाही. रडणं हा बाळाने जगाला विचारलेला पहिला प्रश्न असतो. त्याला उत्तर मिळालं, की मेंदूतल्या जोडण्यांना काम मिळतं. उत्तर आलंच नाही तर त्या जोडण्या नीट बांधल्याच जात नाहीत.

अशी मुलं मागे पडतात हे कोणालाही दिसत होतं. पण मुळात दुबळी मुलंच संस्थांत टाकली जात असतील तर? ही शंका रास्त आहे आणि नुसत्या निरीक्षणाने ती फिटत नाही. चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या अमेरिकी विद्यापीठांतल्या तीन संशोधकांनी २००० साली राजधानी बुखारेस्टमध्ये ती फेडण्याचा मार्ग काढला. संस्थांतली सहा ते एकतीस महिन्यांची १३६ मुलं त्यांनी निवडली. जनुकीय विकार असलेली मुलं आधीच वगळली होती. मग चिठ्ठ्या टाकून निम्मी मुलं प्रतिपालक कुटुंबांत गेली आणि बाकीची नेहमीच्या व्यवस्थेत राहिली. साडेचार वर्षांच्या वयात संस्थेच्या गटाचा सरासरी बुद्ध्यंक सुमारे ७३ निघाला, प्रतिपालक गटाचा ८१, तर सुरुवातीपासून स्वतःच्या घरी वाढलेल्या मुलांचा १०९. वाटणी चिठ्ठीने झालेली असल्यामुळे पहिल्या दोन गटांतला फरक उपजत म्हणता येत नाही. पुढे आठव्या वर्षी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या, तेव्हा दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्या मुलांच्या लहरी घरी वाढलेल्या मुलांसारख्या दिसल्या. उशिरा गेलेल्यांच्या तशा दिसल्या नाहीत.

निम्म्या मुलांना जाणूनबुजून संस्थेत ठेवलं, हे क्रौर्य नाही का? हा प्रश्न टाळता येणार नाही. त्या वेळी बुखारेस्टमध्ये प्रतिपालक कुटुंबांची व्यवस्था जवळजवळ नव्हतीच, ती या अभ्यासासाठी उभी करावी लागली. नंतर ज्या मुलांना घर मिळण्याची संधी आली, त्यांना कोणी अडवलं नाही. तरीही अस्वस्थता उरते, आणि ती उरलीच पाहिजे. २००४ च्या कायद्याने रुमानियाने, गंभीर अपंगत्वाचा अपवाद सोडून, दोन वर्षांखालच्या मुलांना संस्थेत ठेवण्यावर बंदी आणली, याची नोंद मात्र इथे घ्यायला हवी.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. 'दोन वर्षं उलटली की संपलं' असा अर्थ यातून काढला, तर मोठ्या मुलांना आपण वाऱ्यावर सोडू. पुरावा तसं सांगत नाही. एमआरआयमध्ये प्रतिपालक गटाचा मेंदूतला करडा भाग कमीच राहिला, पण पांढरा भाग, म्हणजे दूरच्या केंद्रांना जोडणारे तंतू, घरी वाढलेल्या मुलांच्या बराच जवळ आला. काही भरून निघतं, काही निघत नाही. उशीर महाग पडतो, पण मदत वाया जात नाही. 'आईनेच लक्ष द्यायला हवं होतं' असं म्हणून हात झटकणाऱ्यांनाही इथे उत्तर आहे. ही मुलं सावरली ती परक्यांच्या घरात, मानधन घेऊन सांभाळणाऱ्या माणसांकडे. टिकून राहणारं आणि हाकेला ओ देणारं एक माणूस त्यांना मिळालं, एवढंच. ते माणूस धोरणाने मिळवून देता येतं.

आपल्याकडे त्यासाठी वाटा आहेत. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात प्रतिपालकत्वाची तरतूद आहे, आणि महाराष्ट्राची बालसंगोपन योजना मूल संस्थेऐवजी कुटुंबातच वाढावं म्हणून आर्थिक मदत देते. क्षेत्रकार्यासाठी जिथे जाल तिथे दोन गोष्टी टिपा: एका मोठ्या माणसामागे किती मुलं आहेत, आणि सहा महिन्यांनी पुन्हा गेलात तर तेच माणूस तिथे आहे का. इमारत, गणवेश, जेवणाचा तक्ता यांच्या नोंदी तपासणी अहवालात असतातच. या दोन नोंदी तुमच्या अहवालात आल्या, तर बाल कल्याण समितीपुढे मुलाची बाजू मांडताना तुमच्या हातात ठोस काही असेल.