आतड्यातील गाठींची पारख आणि आपले कर्तव्य
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



उभा जन्म आम्ही मुलांस अक्षरे ओळखावयास शिकविली. आजचा विषय वैद्यकाचा खरा, परंतु तोही एका परीने अक्षरओळखीचाच आहे.

मोठ्या आतड्याच्या अस्तरावर उतारवयात पुष्कळांस लहान गाठी उगवतात. त्यांस मांसांकुर म्हणतात. त्यांतील काही निरुपद्रवी असतात. काही वर्षानुवर्षे वाढत जाऊन कर्करोगाचे रूप धारण करतात. मग कोणती राहू द्यावी, कोणती दुर्बिणीतूनच काढावी आणि कोणतीसाठी पोट उघडावे?

जपानातील डॉ. शिन-एई कुडो व त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली याविषयी एक महत्त्वाचा लेख प्रसिद्ध केला. अस्तरावर ग्रंथींची अतिसूक्ष्म तोंडे असतात. रंग शिंपडून, प्रतिमा अनेक पटींनी मोठी करणाऱ्या दुर्बिणीने पाहिले असता त्यांची नक्षी दिसते. कुडो यांनी तिचे पाच वर्ग पाडले. तोंडे वाटोळी, तर अस्तर निरोगी. ताऱ्यासारखी, तर गाठ बहुधा निरुपद्रवी. नळीसारखी वा फांद्यांसारखी, तर पुढे बिघडू शकणारी. आणि नक्षी विस्कटलेली वा पुसून गेलेली, तर कर्करोगाची शंका घ्यावी.

पुढे प्रकाशाचीच युक्ती निघाली. रक्तातील तांबडे द्रव्य ४१५ व ५४० नॅनोमीटरच्या निळ्या-हिरव्या लहरी शोषून घेते. तेवढाच प्रकाश सोडला की रक्तवाहिन्या गडद उठून दिसतात. या आधारे जपानी तज्ज्ञांच्या मंडळाने २०१४ साली १, २अ, २ब व ३ असे चार वर्ग ठरविले. त्यास ‘जेनेट’ वर्गवारी म्हणतात. २अ मध्ये वाहिन्या नियमित व सारख्या असतात. अशी गाठ दुर्बिणीतूनच निघते. ३ मध्ये वाहिन्या तुटलेल्या व विरळ दिसतात. तेथे रोग खोल गेलेला असतो व शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नसते. २ब संशयाचा वर्ग होय. तेथे रंग लावून पुन्हा नक्षी वाचतात. अखेरचा निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाचाच. सारा भेद खोलीचा आहे. अस्तराखालील थरात रोग एक सहस्रांश मीटरहून, म्हणजे एका मिलिमीटरहून, खोल उतरला की तो अन्यत्र पसरण्याचे भय वाढते.

बंधुभगिनींनो, एवढी सूक्ष्म विद्या हाती असता आपण काय करतो? शौचावाटे रक्त गेले तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसतो. घरात कोणास हा रोग झाला, तर सोयरीक मोडेल या भयाने तो झाकतो. सोयरीक जमविताना कुळ-गोत्र सात पिढ्यांपर्यंत सांगणारे आम्ही, आईबापांस वा भावंडांस झालेला आतड्याचा रोग वैद्यास सांगत नाही! वास्तविक अशा घरातील माणसांनी इतरांच्या आधी तपासणी करून घ्यावयास हवी. अमेरिकेतील तज्ज्ञमंडळाने तर २०२१ साली सर्वसामान्यांसाठीही तपासणीचे वय ५० वरून ४५ वर आणले.

गाठ पहिल्या वर्गात सापडावी की शेवटच्या, हे पुष्कळ अंशी आपल्या लाजेवर अवलंबून आहे. ती लाज प्रत्येक घराने टाकावी, एवढीच आमची विनंती.